बाई, ह्याला भोकं का पाडल्यात?



मागच्या सोमवारची गोष्ट. मी हजेरी घेत होते. चौथीतला एक मुलगा "हजर बाई" म्हणाला आणि उभाच राहिला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काय रे, डबा आहे का तो?"

"नाही बाई. मामाच्या गाडीची पट्टी आहे. बाई, ह्याला भोकं का पाडल्यात?"

कागद सोडला तर आत एक चकचकीत पांढरी पट्टी निघाली. वीतभरापेक्षा थोडी लांब, चार बोटं रुंद. तिच्या मधोमध एका ओळीत पाच गोल गोल भोकं. प्रत्येक भोक साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं. पट्टी ॲल्युमिनियमची होती.

आता तुम्हाला माझा वर्ग ठाऊकच आहे! कोणी प्रश्न विचारायचा अवकाश, चाळीस उत्तरं तयार. एक म्हणाली, "वारा जायला." दुसरा म्हणाला, "शोभेला." तिसऱ्याने सांगितलं, "दोरी ओवायला." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, उंदरानं कुरतडली असंल!" झालं, सगळा वर्ग हसायला लागला. पट्टी आणणारा मात्र हसत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

डी.एड.ला असताना आमचे एक सर सांगायचे, मुलाचा प्रश्न उद्यावर ढकलला की तो प्रश्न मरतो. पण मलाही नीट उत्तर माहीत नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "उद्या तुझ्या मामांनाच वर्गात बोलव. आपण सगळे मिळून विचारू."

मामा आले, तीन पट्ट्या घेऊन

आमचं गाव कोल्हापूरजवळ आहे. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने पुष्कळ. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि यंत्रांचे सुटे भाग बनवायचे, हे काम तिथे घरोघरच्या माणसांना माहीत असतं. मामा अशाच एका कारखान्यात काम करतात. सुट्टीच्या दिवशी ते आपल्या वडिलांची जुनी जावा मोटारसायकल दुरुस्त करतात. जावा आणि येझदी या गाड्या म्हैसूरच्या कारखान्यात बनत. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे त्या जुन्या गाड्यांचा एखादा भाग मोडला, तर तो दुकानात सहज मिळत नाही. जुन्या बाजारात शोधायचा, नाहीतर स्वतः बनवायचा.

मामांच्या गाडीचा पुढचा दिवा धरून ठेवणारी लोखंडी पट्टी गंजून गेली होती. ती त्यांनी स्वतः बनवायचं ठरवलं. "आणि बनवायचीच हाय तर हलकी का बनवू नये?" असं मामा म्हणाले.

ते जुनी गंजकी पट्टी आणि नवी पट्टी दोन्ही घेऊन आले होते. शाळेसमोरच्या किराणा दुकानदारांनी आपला काटा दिला. लोखंडी पट्टी भरली २३५ ग्रॅम. ॲल्युमिनियमची भरली ११५ ग्रॅम. निम्म्याहूनही कमी! गंमत म्हणजे लोखंडी पट्टी तीन मिलिमीटर जाड होती आणि नवी पाच मिलिमीटर. म्हणजे जाडी वाढली तरी वजन घटलं. असं का? तर एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन साधारण ७.८ ग्रॅम असतं आणि तेवढ्याच ॲल्युमिनियमचं फक्त २.७ ग्रॅम. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा मऊ, म्हणून मामांनी पट्टी थोडी जाड घेतली. मग जिथे गरज नाही तिथला धातू भोकं पाडून काढून टाकला.

"पण मामा, भोकं पाडली की पट्टी मोडणार नाही का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

मामा हसले. त्यांनी पिशवीतून आणखी दोन पट्ट्या काढल्या. दोन्ही मोडक्या! एकीची कड फाटली होती, कारण भोक कडेच्या फार जवळ पडलं होतं. दुसरीला कोपऱ्यात तडा गेला होता, कारण तिथे मामांनी हॅकसॉने काटकोनात खाच घेतली होती. त्या टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू झाला.

"ह्या मोडक्या कशाला ठेवल्यात?" मी विचारलं.

"बाई, तिसरी करताना ह्या दोन समोर ठेवल्या हुत्या. नाहीतर तीच चूक परत झाली असती."

हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. पुढे आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

मग मामांनी पट्टी कशी बनवली ते फळ्यावर चित्र काढून सांगितलं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा. तो गाडीवर लावून पाहायचा, कुठे अडतो का, कुठे कमी पडतो का. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही, दुसरा कापता येतो. नमुना बरोबर जमला की तो धातूवर ठेवून टोकदार सुईने रेघा मारायच्या. भोकाच्या मध्यावर पंचाने बारीक खूण करायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी लहान भोक, मग मोठं. शेवटी कानशीने कडा गोल करायच्या आणि पॉलिश पेपरने घासायचं. धारदार कड कुठेही शिल्लक ठेवायची नाही.

"ब्रेक, चाकं, हँडल ह्यांना मात्र मी हात लावत न्हाई," मामा म्हणाले. "दिव्याची पट्टी मोडली तर दिवा हलंल. ब्रेकचा भाग मोडला तर माणूस जाईल."

हलकं कशाला हवं?

मामा गेल्यावर मी मुलांना एक काम दिलं. तुम्हीही आत्ता करा. मुठीत खोडरबर धरा आणि हात भराभर वर-खाली हलवा. सोपं आहे ना? आता पाण्याने भरलेली बाटली धरा आणि तितक्याच वेगाने हलवा. हात दुखायला लागला? बाटली नुसती धरून ठेवणं तितकं कठीण नाही. कठीण काय आहे, तर ती वर नेता नेता थांबवणं आणि पुन्हा खाली आणणं.

मोटारसायकलच्या इंजिनात नेमकं हेच चालतं. सिलिंडर नावाच्या नळीत पिस्टन नावाचा एक डबीसारखा भाग वर-खाली होत असतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पिस्टन मिनिटाला ४००० वेळा वर जातो आणि ४००० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला तो क्षणभर थांबतो. म्हणजे मिनिटाला ८००० वेळा, एका सेकंदात सुमारे १३३ वेळा थांबायचं आणि पुन्हा धावायचं! पिस्टन जड असेल तर त्याला ओढणाऱ्या दांड्यावर किती ताण येत असेल बघा. या दांड्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. आणि आणखी एक वाईट गोष्ट. इंजिनाचा वेग दुप्पट झाला की हा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो.

म्हणून ज्याला जुनी गाडी जोरात पळवायची असेल, त्याने नुसती ताकद वाढवून चालत नाही. आतले भाग हलके करावे लागतात. पण हलके करताना ते कमकुवत झाले, तर इंजिनाचे तुकडे होतात.

हे सगळं एका माणसाने आपल्या छोट्याशा गॅरेजमध्ये जवळजवळ आयुष्यभर केलं. त्याची गोष्ट आता सांगते.

जगाच्या दक्षिण टोकाचा माणूस

नकाशात न्यूझीलंड शोधा. ऑस्ट्रेलियाच्या उजवीकडे, खाली. त्याच्या दक्षिण बेटाच्या अगदी तळाशी इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथे १८९९ साली बर्ट मन्रो यांचा जन्म झाला. १९२० साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी एक नवी मोटारसायकल विकत घेतली. तिचं नाव होतं इंडियन स्काउट.

थांबा, थांबा! "म्हणजे आपली?" असं माझ्या वर्गानेही विचारलं होतं. नाही. ही गाडी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कारखान्यात बनलेली. नाव 'इंडियन' असलं तरी भारताशी तिचा संबंध नाही.

ही गाडी ६०० सीसीची होती. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. तिचा जास्तीत जास्त वेग होता ताशी ५५ मैल, म्हणजे जवळजवळ ८८ किलोमीटर. त्या काळी हे चांगलंच होतं. पण बर्ट यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. १९२६ पासून त्यांनी गाडीत बदल करायला सुरुवात केली. बर्ट काही श्रीमंत नव्हते. ते मोटारसायकली विकायचं काम करायचे आणि रात्री आपल्या गाडीवर काम करायचे. पुढे तर ते गॅरेजमध्येच राहू लागले. तिथेच पलंग, तिथेच गाडी, तिथेच हत्यारं.

वेगवान गाडीला लागणारे भाग दुकानात मिळत नव्हते. जे मिळायचे ते परवडत नव्हते. मग काय? बर्ट यांनी ते स्वतः बनवले. जुन्या पत्र्याच्या डब्यांचा साच्यासारखा उपयोग करून त्यांनी पिस्टन ओतले. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सियसला वितळतं. लोखंडाला १५०० अंशांहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे हलका धातू छोट्या भट्टीतही वितळवता येतो. पूर्वी पुष्कळ गाड्यांचे पिस्टन बिडाचे असत, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बिडाच्या जागी ॲल्युमिनियम आलं की वजन किती उतरतं हे आपण आपल्या काट्यावर पाहिलंच आहे.

पण सगळंच ॲल्युमिनियमचं करून भागत नाही बरं का. कनेक्टिंग रॉडवर भयंकर ताण येतो. त्यासाठी बर्ट यांनी ट्रॅक्टरचा जुना आस घेतला. ट्रॅक्टरचा आस म्हणजे दणकट पोलाद. तो त्यांनी हाताने कापून, घासून, कोरून कनेक्टिंग रॉड बनवले. मग ते तापवून पुन्हा कडक केले. जिथे ताण जास्त तिथे धातू ठेवायचा, जिथे कमी तिथला काढायचा, हे सगळं हाताने. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम, असे किती तरी भाग त्यांनी स्वतः घडवले. मोजमापाला महागडं मायक्रोमीटर नव्हतं, तर चाकाच्या जुन्या तारेचं माप करून काम भागवलं, असं सांगतात.

आणि भाग मोडत होते. सारखे मोडत होते! पिस्टन वितळायचे, रॉड तुटायचे, सगळं इंजिन फुटायचं. मग पुन्हा उघडायचं, काय तुटलं, कुठून तुटलं, का तुटलं हे पाहायचं, आणि पुन्हा नवीन भाग बनवायचा.

तुटलेल्या भागांचं बर्ट यांनी काय केलं असेल? भंगारात विकले? नाही. गॅरेजमध्ये एक फळी होती. तिच्यावर त्यांनी ते वितळलेले पिस्टन आणि मोडके तुकडे ओळीने मांडून ठेवले. आणि त्या फळीवर लिहिलं, 'वेगाच्या देवाला वाहिलेल्या वस्तू'. आपण देवापुढे नारळ ठेवतो, तसे हे त्यांनी वेगाच्या देवापुढे ठेवलेले पिस्टन!

मिठाच्या मैदानावर

अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाची जागा आहे. फार फार पूर्वी तिथे एक प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि मागे राहिलं मिठाचं मैदान. मैलोन्‌मैल पांढरंशुभ्र आणि सपाट. झाड नाही, दगड नाही. जगभरची माणसं आपल्या गाड्यांचा वेग अजमावायला तिथे जातात.

बर्ट आपली जुनी इंडियन जहाजातून तिथे घेऊन गेले. १९६२ साली त्यांनी तिथला पहिला विक्रम केला, ताशी १७८.९५ मैल. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लगेच सांगितलं, "बाई, आमच्या आजोबांएवढे!"

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. परत आले, पुन्हा भाग बनवले, पुन्हा मोडले, पुन्हा बनवले. १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा त्या मिठावर उतरले. गाडी तेव्हा ४७ वर्षांची होती. ६०० सीसीचं इंजिन आता ९५० सीसीचं झालं होतं. गाडीवर माशासारखं निमुळतं कवच होतं आणि बर्ट त्याच्या आत जवळजवळ पालथे झोपून गाडी चालवत. त्या वर्षी १००० सीसीच्या आतल्या गाड्यांच्या वर्गात त्यांनी विक्रम केला. ताशी सुमारे २९६ किलोमीटर!

हा वेग केवढा? एका सेकंदात ८२ मीटर. कबड्डीची सहा मैदानं एकापुढे एक मांडली तर ती "कबड्डी" हा शब्द म्हणून होईपर्यंत पार!

गणित चुकलं होतं!

आता या गोष्टीतला गणिताचा भाग. जे "बाई, सरासरीचा उपयोग काय?" असं विचारतात, त्यांनी कान देऊन ऐका.

अशा विक्रमासाठी गाडी दोनदा पळवावी लागते. एकदा जाताना, एकदा उलट दिशेने येताना. कारण एका दिशेला वारा मदत करतो, दुसऱ्या दिशेला अडवतो. मग दोन्ही वेगांची सरासरी काढतात. १९६७ साली बर्ट यांचा विक्रम लिहिला गेला तो ताशी १८३.५८६ मैल. सगळ्यांनी तोच छापला, तोच पाठ केला. १९७८ साली बर्ट वारले.

पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. त्याने विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेला कळवलं. संस्थेने जुने आकडे काढून पाहिले. एका दिशेचा वेग १८४.७१० आणि दुसऱ्या दिशेचा १८३.४६३. चला, वही काढा. दोन्हींची बेरीज करा आणि दोनने भागा. किती आलं? १८४.०८७ (शेवटचा आकडा पूर्ण करून). लिहिलेल्यापेक्षा अर्धा मैल जास्त! २०१४ साली, बर्ट गेल्यावर ३६ वर्षांनी, संस्थेने चूक कबूल केली आणि विक्रम दुरुस्त केला.

बघा, चूक मोठ्या माणसांकडूनही होते. फक्त कोणीतरी ताळा करून पाहायला हवा. आणि चूक सापडल्यावर "आता कुठे बदलायचं" असं म्हणायचं नाही.

आता माझी चूक

ही गोष्ट वर्गात सांगत असताना मला सारखी एक जुनी गोष्ट आठवत होती. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय हे पान संपवलं तर मला बरं वाटणार नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन होतं. एका मुलाने पुठ्ठ्याची आणि पत्र्याची पवनचक्की बनवली होती. आदल्या दिवशी पंख्यासमोर धरून पाहताना तिची पाती उडाली आणि दांडा मोडला. तो मोडका दांडा घेऊन माझ्याकडे आला. मी घाईत होते. उद्या पाहुणे येणार, टेबलं मांडायची, फलक लिहायचे. मी म्हटलं, "हे आता टाकून दे. दुसऱ्याच्या गटात उभा राहा." त्याने ते केराच्या डब्यात टाकलं. प्रदर्शन छान झालं. पाहुण्यांनी कौतुक केलं. तो मुलगा दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलामागे गप्प उभा होता. त्यानंतर त्याने काहीच बनवून आणलं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, हाच तो मुलगा. त्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून पट्टी घेऊन आलेला.

मामांनी मोडक्या पट्ट्या जपून ठेवल्या. बर्ट मन्रो यांनी मोडक्या पिस्टनची फळी मांडली. आणि मी बाई असून पवनचक्की केरात टाकायला लावली. पाती का उडाली, दांडा कुठे मोडला, हे मी विचारलंच नाही. त्यातच तर खरं विज्ञान होतं.

म्हणून बुधवारी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. तो लाजला. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "असू दे बाई." मग थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "दांडा आतल्या बाजूनं मोडला हुता. मी तिथं खिळा ठोकला हुता ना, तिथनंच."

सांगा बघू, एका वर्षानंतरही त्याला ते आठवत होतं!

आता आमच्या वर्गात खिडकीखाली एक फळी ठोकली आहे. तिच्यावर खडूने लिहिलं आहे, 'मोडलं ते का मोडलं?' मामांनी आपल्या दोन्ही मोडक्या पट्ट्या तिथे ठेवायला दिल्या. आतापर्यंत त्यांच्या शेजारी एक तुटलेला पतंगाचा कामटा, एक फुटलेली मातीची पणती आणि एक वाकलेली कंपासपेटीची बिजागरी आली आहे. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे. काय मोडलं, कुठून मोडलं, पुढच्या वेळी काय करणार. आणि शुक्रवारी त्या मुलाने नवी पवनचक्की आणली. दांड्याला खिळा नाही, दोरा गुंडाळला आहे. वारा आला की फिरते. अजून तरी मोडलेली नाही!

करून पाहा

१. कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंद, वीतभर लांब अशा दोन पट्ट्या कापा. एकीच्या मधोमध कागदाला भोक पाडायच्या पंचने गोल भोक पाडा. दुसरीला कडेवर कात्रीने अगदी लहान, तीन मिलिमीटरची खाच द्या. आता दोन्ही पट्ट्या दोन्ही हातांनी ओढा. आधी कोणती फाटते? बहुतेक वेळा खाचेची पट्टी लवकर फाटेल, तिच्यातून कागद कमी गेलेला असूनही. शेंगदाण्याच्या पाकिटाला कडेला बारीक खाच का असते, ते आता कळलं ना? मामांची भोकं गोल आणि मधोमध का, तेही!

२. दोन पुस्तकं वीतभर अंतरावर ठेवा. त्यांच्यावर एक कोरा कागद आडवा ठेवा. त्यावर नाणं ठेवलं की कागद खाली जाईल. आता तोच कागद पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा. किती नाणी पेलतो ते मोजा. कागदाचं वजन वाढलं का? नाही. फक्त आकार बदलला.

या आठवड्याचं कोडं

मामांच्या पट्टीत पाच गोल भोकं आहेत. प्रत्येकाचा व्यास २ सेंटिमीटर. पट्टीची जाडी ५ मिलिमीटर. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम २.७ ग्रॅमचं. तर भोकं पाडल्यामुळे किती ग्रॅम वजन कमी झालं? लहान मुलांनी दादा-ताईंची मदत घेतली तरी चालेल. उत्तर पुढच्या आठवड्यात.

पालकांसाठी दोन शब्द

धातू वितळवणं, ड्रिल चालवणं ही मुलांची कामं नव्हेत. ती जाणत्या माणसाकडून लांबून पाहू द्या. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मनाने फेरफार करायलाही कायद्याची बंधनं आहेत. पण पुठ्ठा, कागद, दोरा, कामट्या मुलांच्या हाती जरूर द्या. आणि घरात एखादी मोडकी वस्तू जपून ठेवलेली दिसली, तर झाडताना फेकण्याआधी एकदा विचारा, "हे कुठून मोडलं रे?" मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.

बर्ट यांची ती गाडी आज इन्व्हरकार्गिलमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात, खिळे-स्क्रूंच्या शेजारी, सगळ्यांना पाहायला ठेवली आहे. मोठेपणी कोणी तिकडे गेलात, तर माझ्या वर्गातर्फे तिला नमस्कार सांगा.

तुमच्या,
बाई